मेजर ठरत नाहीये? आधी सोळा चौकटी आख

ताई,
मी अमेरिकेतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, डिक्लेअर करायचाय आणि माझं काही ठरत नाही. इकॉनॉमिक्स, सायकॉलॉजी आणि इतिहास, तिन्हींचे सुरुवातीचे कोर्स आवडले. इकॉनॉमिक्सचे प्रॉब्लेम सेट मी मैत्रिणींना समजावून देते, पण ग्रेड बी प्लसच्या वर जात नाही. इतिहासात आठ पानांचा पेपर मागितला की माझी चौदा पानं होतात, आणि ए मिळतो. सायकॉलॉजीचं वाचायला तर फारच आवडतं. बाबा म्हणतात इकॉनॉमिक्स घे, आई म्हणते मनाला पटेल ते घे, आणि इथल्या मैत्रिणी म्हणतात मेजरने काही फरक पडत नाही. डबल मेजर करू का? तिसऱ्या वर्षी एक सेमिस्टर परदेशी जायचंय. पदवीनंतर दोन-तीन वर्षं इथेच नोकरी करायची इच्छा आहे. झालेल्या कोर्सची आणि तिन्ही मेजरच्या अटींची यादी सोबत जोडते.
– दुसऱ्या वर्षातली गोंधळलेली

प्रिय गोंधळलेली,

यादी जोडलीस ते फार बरं झालं. आवडीनिवडीवर कितीही पानं लिहिता येतील, पण तुझा निम्मा प्रश्न बेरीज-वजाबाकीचा आहे. तो आधी उरकू.

तुझ्या कॉलेजात पदवीला ३२ कोर्स लागतात: आठ सेमिस्टर, प्रत्येकी चार. हे सेमिस्टर संपेल तेव्हा १६ झालेले असतील, १६ उरतील. एका कागदावर चार उभे रकाने आख आणि प्रत्येकात चार चौकटी पाड. एक रकाना म्हणजे एक सेमिस्टर. आता यादीतलं बाकी काम त्यात भर. इकॉनॉमिक्सला ११ कोर्स हवेत. मायक्रो-मॅक्रोची ओळख आणि स्टॅटिस्टिक्स धरून तीन झालेत, आठ राहिलेत: इंटरमीजिएट मायक्रो, इंटरमीजिएट मॅक्रो, इकॉनोमेट्रिक्स, चार ऐच्छिक आणि शेवटच्या वर्षाचा सेमिनार. सायकॉलॉजीचेही ११, त्यातलेही आठ बाकी. इतिहासाचे १०, सात बाकी. शिवाय जनरल एज्युकेशनचे, म्हणजे मेजर कुठलाही असला तरी सक्तीचे, दोन अजून तुझ्या डोक्यावर आहेत, त्यातला एक प्रयोगशाळेचा. हे दोन पुष्कळजण विसरतात आणि शेवटच्या सेमिस्टरला थिसिस लिहिता लिहिता नवख्या मुलांबरोबर बायॉलॉजीची लॅब करत बसतात.

म्हणजे कुठलाही एक मेजर घेतलास तरी सहा-सात चौकटी मोकळ्या राहतात. आता डबल मेजर मांडून बघ. इकॉनॉमिक्स आणि सायकॉलॉजी: ८ अधिक ८ अधिक २, झाले १८. चौकटी १६. इतिहासाबरोबर दुसरं काहीही घेतलंस तर १७. आर्थिक इतिहासाचा एखादा कोर्स दोन्ही विभागांनी धरला तर कसेबसे १६ होतात, आणि तेही एकही कोर्स वेळापत्रकात आपटला नाही, एकदाही काही सोडावं लागलं नाही आणि परदेशातले चारही कोर्स मेजरमध्ये मोजले गेले तरच. हे शेवटचं सहसा होत नाही. परदेशातले एक-दोन कोर्स विभाग मेजरला धरतो, आणि तेही जाण्याआधी लेखी मंजुरी घेतली असेल तर. डबल मेजरचा प्रश्न तुझ्यापुरता इथेच मिटला. एरवीही, दोन विभागांचे दोन शेवटचे प्रकल्प एकाच वर्षात आले की एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत होते.

कोर्स किती राहिलेत याच्याइतकाच ते कुठल्या क्रमाने येतात हाही प्रश्न असतो, आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इकॉनॉमिक्सचे ३०० नंबरचे, म्हणजे वरच्या पातळीचे, बरेच कोर्स इंटरमीजिएट मायक्रो किंवा इकॉनोमेट्रिक्स झाल्याशिवाय घेऊच देत नाहीत. सायकॉलॉजीत स्टॅटिस्टिक्सनंतर रिसर्च मेथड्स, त्यानंतर लॅबचा कोर्स, त्यानंतर शेवटचा प्रकल्प अशी साखळी असते. इतिहासाला साखळी जवळजवळ नाहीच. मध्ययुग आधी घे नाहीतर विसावं शतक आधी घे, कुणी अडवत नाही. फक्त इतिहासलेखनाच्या पद्धतींचा कोर्स थिसिसच्या आधी झाला पाहिजे.

त्यात तुझं कॉलेज छोटं. पाच-सहा प्राध्यापकांच्या विभागात दर वर्षी कुणीतरी सबॅटिकलवर असतं, काही कोर्स फक्त फॉलमध्ये, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला, चालतात, काही वर्षाआड. समजा इंटरमीजिएट मॅक्रो फक्त स्प्रिंगला, दुसऱ्या सेमिस्टरला, असतं आणि तू नेमकी तिसऱ्या वर्षाच्या स्प्रिंगलाच परदेशी गेलीस. मग ते चौथ्या वर्षाच्या स्प्रिंगवर जातं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले वरचे कोर्स घ्यायला सेमिस्टरच उरत नाही. उपाय सोपा आहे, पण तो आत्ताच करायला हवा. विभागाच्या कोऑर्डिनेटरला ई-मेल करून विचार: पुढच्या चार सेमिस्टरांत कुठले कोर्स कधी आहेत आणि कोण रजेवर आहे? असा अंदाज बहुतेक विभागांकडे तयार असतो, वेबसाइटवर नसला तरी. मग परदेशी फॉलमध्ये जायचं की स्प्रिंगमध्ये हे त्यावरून ठरव. आधी देश आणि विद्यापीठ ठरवून मग मेजर त्यात बसवायला गेलीस तर फसशील.

आता आवडीकडे येऊ. तुला तिन्ही विषय आवडले म्हणतेस, पण तुझ्या यादीत तिन्हींचे बहुतेक १०० नंबरचेच, सुरुवातीचे कोर्स आहेत. पहिल्या कोर्सात प्रत्येक विषय आपलं सगळ्यात देखणं रूप दाखवतो. सायकॉलॉजीत गाजलेले प्रयोग, इकॉनॉमिक्समध्ये मागणी-पुरवठ्याच्या सुबक आकृत्या, इतिहासात गोष्टी. मेजर झाल्यावर जगायचं असतं ते पद्धतींच्या कोर्सबरोबर, आणि त्याची चव पार वेगळी. सायकॉलॉजीच्या रिसर्च मेथड्समध्ये प्रयोग आखणं, माणसांवरच्या संशोधनासाठी नैतिक मंजुरीचा अर्ज भरणं, आर किंवा एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये डेटा चाळणं आणि ठरावीक साच्यात अहवाल लिहिणं हे काम असतं. इंटरमीजिएट मायक्रोत आकृत्या कमी होतात आणि कॅल्क्युलस वाढतं. लग्रांजच्या गणिती पद्धतीने अटी सांभाळून कमाल मूल्यं काढायची असतात. इकॉनोमेट्रिक्समध्ये आठवड्यातला बराच वेळ रिग्रेशन (घटकांमधला संबंध आकड्यांत मांडणारं गणित) चालवण्यात जात नाही, डेटा साफ करण्यात जातो, आणि मग आलेला आकडा खरा कारणसंबंध दाखवतो की कुठलातरी विसरलेला घटक त्यात लपलाय यावर डोकं लावण्यात. इतिहासाच्या पद्धतींमध्ये आठवड्याला दोनशे पानं सहज होतात. ती वाचायची असतात काय घडलं यासाठी नव्हे. एकाच घटनेवर तीन इतिहासकार का भांडतायत, कोणी कुठली कागदपत्रं वापरली, कोणी टाळली, हे बघायचं असतं.

हे कोर्स या सेमिस्टरला तुझ्या कॉलेजात चालू असतीलच. संबंधित प्राध्यापकांना चार ओळींचा ई-मेल टाक: मी मेजर ठरवतेय, तुमच्या एका तासाला मागे बसले तर चालेल का, आणि सिलॅबस मिळेल का? सहसा नाही म्हणत नाहीत. तिन्ही सिलॅबस शेजारी शेजारी ठेव आणि काय शिकवतात त्यापेक्षा काय करून घेतात ते वाच: किती प्रॉब्लेम सेट, किती पानांचे पेपर, किती तास लॅब. मग लायब्ररीच्या संग्रहातून गेल्या दोन-तीन वर्षांतल्या ऑनर्स थिसिसची शीर्षकं काढ. प्रत्येक विभागाचा एक थिसिस उघड, पण प्रस्तावना वाचत बसू नकोस, ती सगळ्यांची चांगलीच असते. मधलं, डेटाचं किंवा साधनांचं प्रकरण वाच. ते वाचताना ‘हे मी असं केलं नसतं’ असं ज्या विषयात वाटेल, तो विषय पुढे टिकतो. ‘वा, छान’ एवढंच वाटलं तर तो वाचक म्हणून आवडतोय.

सायकॉलॉजीबद्दल मला नेमकं हेच वाटतं. इकॉनॉमिक्समध्ये तू काय करतेस हे लिहिलंस, इतिहासात काय करतेस हे लिहिलंस, सायकॉलॉजीत फक्त वाचायला आवडतं म्हणालीस. वाचण्यासाठी मेजर लागत नाही. मोकळ्या चौकटींतल्या एक-दोन तिला दे आणि मेजरच्या यादीतून ती काढ. रिसर्च मेथड्सच्या तासाला बसून आल्यावर मत बदललं तर मला खोटं ठरव.

राहता राहिले दोन. त्यांच्या ग्रेडची तुलना करू नकोस. मानव्यविद्यांचे विभाग सरासरीने इकॉनॉमिक्सपेक्षा आणि विज्ञानापेक्षा वरच्या ग्रेड देतात. त्यामुळे तिथला ए आणि इथला बी प्लस वेगवेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजलेले आहेत. इंटरमीजिएट मायक्रो झेपेल का हे बघायचं तर कॅल्क्युलसची ग्रेड बघावी. ती तुझ्या यादीत ए मायनस आहे, चिंता नको. आणि प्रॉब्लेम सेट तू दुसऱ्यांना समजावून देतेस ही गोष्ट ग्रेडपेक्षा जास्त बोलकी आहे. आठाची चौदा पानं होतात याचे मात्र दोन अर्थ निघतात: एक, तुला थांबवत नाही इतका रस आहे, दोन, तुला काटछाट जमत नाही. कुठला खरा ते तुझ्या इतिहासाच्या प्राध्यापकांना सरळ विचार. थिसिसला दोन्ही उपयोगी माहिती आहे.

मेजरने काही फरक पडत नाही, हे तुझ्या मैत्रिणी स्वतःपुरतं खरं सांगतायत. मेडिकल कॉलेजला कुठल्याही मेजरचे विद्यार्थी घेतात, ठरावीक विज्ञानाचे कोर्स आणि एमकॅट ही प्रवेशपरीक्षा झाली की पुरे. लॉ स्कूलचंही तसंच. पुष्कळ कंपन्या पहिल्या नोकरीला मेजरपेक्षा इंटर्नशिप बघतात. पण तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहेस आणि पदवीनंतर थांबायचं म्हणतेस, म्हणून तुझ्यापुरतं हे अर्धंच खरं. पदवीनंतरची नोकरी ओपीटीवर, म्हणजे या व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर करायची, आणि ओपीटीवरचं काम तुझ्या मेजरशी थेट निगडित असावं लागतं. इतिहासाची पदवी घेऊन डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचं असेल तर तो संबंध तुला कागदावर दाखवावा लागतो. अमेरिकन मैत्रिणीला हे कुणी विचारणार नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. ओपीटी १२ महिन्यांची असते, आणि त्यात ९० दिवसांहून जास्त बेकार राहून चालत नाही. पदवी सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतल्या विषयाची असेल आणि नोकरी देणारी कंपनी ई-व्हेरिफाय या कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेली असेल तर आणखी २४ महिने मिळतात. विषय त्या यादीत आहे की नाही हे कोर्सच्या नावावरून ठरत नाही, तुझ्या आय-२० वरच्या, म्हणजे कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या कागदावरच्या, सीआयपी या विषयाच्या सहा आकडी कोडवरून ठरतं. साध्या इकॉनॉमिक्सचा कोड ४५.०६०१, तो स्टेम यादीत नाही. इकॉनोमेट्रिक्स आणि क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचा ४५.०६०३, तो आहे. काही कॉलेजांचं इकॉनॉमिक्स पहिल्या कोडखाली नोंदलेलं आहे, काहींचं दुसऱ्या, आणि शिकवतात जवळपास तेच. काही ठिकाणी दोन्ही असतात आणि दुसऱ्यासाठी गणिताचे एक-दोन कोर्स जास्त लागतात. कोड कॉलेज ठरवतं, विद्यार्थ्याच्या विनंतीवरून बदलत नाहीत. इतिहास स्टेम यादीत नाही, साधी सायकॉलॉजीही नाही. मायनर, म्हणजे कमी कोर्सचा जोडविषय, स्टेममधला असला तरी त्याने हे २४ महिने मिळत नाहीत, मेजरच लागतो.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसमधल्या डीएसओंना (व्हिसाचे कागद बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्यांना) ई-मेल कर: आपल्या इकॉनॉमिक्स मेजरचा सीआयपी कोड काय, आणि दुसरा पर्याय आहे का? उत्तर लेखी घे. हे नियम सरकार बदलत असतं आणि वरच्या वर्गातल्या मुलांना तीन वर्षांपूर्वीचा नियम माहीत असतो.

एवढं करूनही एप्रिलपर्यंत दोघांपैकी एक ठरलं नाही तर? मग ज्याची साखळी लांब, तो डिक्लेअर कर. इकॉनॉमिक्समधून इतिहासात एका सेमिस्टरनंतर जाता येतं, कारण इतिहासाला क्रम नाही आणि तुझे तीन कोर्स झालेले आहेत. उलट दिशेने, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी इतिहासातून इकॉनॉमिक्सकडे वळायचं म्हटलं तर दोन सेमिस्टरांत ती साखळी बसत नाही. मेजर बदलणं म्हणजे एक फॉर्म आणि दोन सह्या. तुझ्या बाबतीत आणखी एक काम, ते म्हणजे डीएसओंना कळवून आय-२० सुधारून घेणं. इतिहास मायनर म्हणून ठेव. सहा कोर्सचा मायनर असेल तर तीन झालेत, तीन राहिले. इकॉनॉमिक्सचे आठ, जनरल एज्युकेशनचे दोन, मायनरचे तीन, एकूण १३. तीन चौकटी मोकळ्या, परदेशातला रकाना सांभाळून.

पुढचं सेमिस्टर मात्र निव्वळ पुढे ढकलू नकोस, त्यातून उत्तर काढ. इंटरमीजिएट मायक्रो घे आणि त्याच वेळी इतिहासाचा ३०० नंबरचा सेमिनार घे, ज्यात एकच मोठा पेपर असतो. तिसरा कोर्स इकॉनोमेट्रिक्स, चौथा तो राहिलेला लॅबचा. या चारांत दोन्ही मेजरचं खरं काम येतं, आणि निकाल काहीही लागला तरी एकही कोर्स वाया जात नाही, कारण इकॉनोमेट्रिक्स इतिहासवालीच्या रेझ्युमेवरही शोभतो. हा भार जड वाटला तर लॅबचा कोर्स पुढे ढकल. बाकीचे तीन हलवू नकोस. कुठला अभ्यास तू डेडलाइनच्या तीन दिवस आधी उघडतेस आणि कुठला आदल्या रात्री, हे रोजच्या रोज कॅलेंडरवर टिपत जा. ऑक्टोबर संपेपर्यंत चित्र दिसू लागतं, आणि स्प्रिंगचं रजिस्ट्रेशन साधारण त्याच सुमाराला असतं.

दोन खड्डे टाळ. एक, यातला कुठलाही कोर्स पास-फेल, म्हणजे ग्रेडशिवाय, करू नकोस. बहुतेक विभाग पास-फेल कोर्स मेजरला धरत नाहीत आणि मेजरमध्ये किमान सी किंवा सी मायनस मागतात. दुसरा, अ‍ॅड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स घेण्या-सोडण्याची मुदत. एक कोर्स सोडलास तर १६ क्रेडिटांवरून १२ वर येतेस, तिथपर्यंत ठीक. एफ-१ वर पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिटं लागतात, त्यामुळे दुसरा कोर्स सोडायचा विचारसुद्धा डीएसओंशी बोलल्याशिवाय करू नकोस. मुदतीनंतर सोडलेल्या कोर्सचा डब्ल्यू ट्रान्सक्रिप्टवर दिसतो. एकाने काही बिघडत नाही.

बाबांशी बोलताना पगाराचा विषय निघेल. अमेरिकी शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्ड या साइटवर तुझ्या कॉलेजचं नाव टाकून विषयवार मधली कमाई बघता येते. पण त्यात फक्त सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे आकडे असतात, म्हणजे तुझ्यासारखे परदेशी विद्यार्थी त्यात नाहीत, आणि छोट्या विभागांचे आकडे गोपनीयतेसाठी झाकलेले असतात. छोट्या कॉलेजांत इतिहासाचा रकाना बऱ्याचदा रिकामाच सापडतो. त्यापेक्षा करिअर सेंटरकडे दोन्ही विभागांच्या गेल्या काही वर्षांच्या पदवीधरांची पहिल्या नोकऱ्यांची यादी माग, आणि त्यातल्या परदेशी विद्यार्थ्यांचं काय झालं हे वेगळं विचार. सोळा चौकटींचा कागद आणि ही यादी बाबांना पाठव. आईलाही पाठव, मनाला पटेल ते घे म्हणणाऱ्यांनाही आकडे बघायला आवडतात.

डिक्लेअर करताना फॉर्मवर विभागातल्या अ‍ॅडव्हायझरचं नाव लागतं. शिकवणं आवडलं म्हणून लगेच कुणाचं नाव घालू नकोस. आधी विचार, तुझ्या चौथ्या वर्षी ते रजेवर आहेत का, आणि त्या वर्षी किती थिसिस त्यांच्याकडे आहेत. तीनपेक्षा जास्त असतील तर दुसरं नाव घाल.

– तुझी ताई